निकालानंतर नव्हे, निकालाआधी : मुलामुलींच्या नोकरीची पूर्वमशागत

– ऊस विकास अधिकारी



ह्या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा, हुमणी ह्यांविषयी लिहितो. ह्या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. ऊस विकास विभागाला त्याच्याशी काय करावयाचे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की जून महिना लागला म्हणजे आमच्या गट ऑफिसात उसाच्या नोंदीसाठी जसे सभासद येतात, तसेच मुलाच्या नाहीतर मुलीच्या कागदांची पिशवी घेऊनही येतात. "साहेब, पोरगं शिकलंय. कुठंतरी चिकटवा." एवढेच बोलणे असते. आम्ही विचारतो, "तात्या, कोणत्या जागेसाठी अर्ज केलाय?" तात्या म्हणतात, "ते तुमीच बघा. कुठंबी चालंल."

ह्या 'कुठंबी चालंल'मध्येच सगळी अडचण आहे.

आपणां सर्वांस ठाऊक आहेच, की जमीन वाढत नाही, वाटण्या मात्र वाढतात. आजोबांच्या नावावर दहा-बारा एकर होते, वडिलांच्या वाट्याला चार आले आणि आज नातवाच्या सातबाऱ्यावर दीड एकर राहिले, अशी घरे प्रत्येक गावात आहेत. दीड एकरात ऊस कितीही चांगला आणला तरी आजारपण, लग्नकार्य आणि शिक्षण हे सारे त्यावर निभत नाही. घरातल्या एकाने तरी पगार आणला पाहिजे, हे आता सर्वांना पटले आहे. म्हणूनच ऊसबिलातून फी भरून, प्रसंगी सोसायटीचे कर्ज काढून आपण पोरांना शिकवतो. पण शिक्षण संपल्यावर नोकरी मिळण्यासाठी जी वेगळी तयारी लागते, तिचा विचार निकाल हातात पडेपर्यंत कोणीच करत नाही.

आडसाली ऊस आपण जुलै-ऑगस्टात लावतो आणि सोळा-अठरा महिन्यांनी तोडतो. टोळी फडाच्या बांधावर येऊन उभी राहिल्यावर कोणी नांगर जोडत नाही. नोकरीचेही तसेच आहे. निकाल म्हणजे तोडणी. मशागत त्याआधी व्हायला हवी, आणि ती मुले शिकत असतानाच करावयाची असते. ह्या लेखात सांगावयाचे ते एवढेच. बाकीचे सारे ते कसे करावे ह्याविषयी आहे.

चिठ्ठीवर विसंबू नये

पुष्कळ सभासदांचा समज असा, की ओळख असली म्हणजे काम होते. ओळखीने फार तर मुलाखतीचा दिवस आणि ठिकाण कळेल. पुढे टेबलासमोर पोरालाच बसावयाचे असते. आपल्या कारखान्यात जागा मोजक्या आणि सभासदांची घरे हजारोंनी. प्रत्येक घरातले एक पोर कामावर घ्यायचे म्हटले तर उसाचे बिल कोणी आणि कशातून द्यावयाचे, ह्याचा विचार आपणच मालक ह्या नात्याने करावा.

सरकारी नोकरीचीही रीत बदलली आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब' मधील अराजपत्रित पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. तेथे लेखी परीक्षेचे गुणच बोलतात. उलट बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याच्या जागेसाठी कृषी पदवीधरांची जी सामाईक परीक्षा होते, तीत लेखीनंतर मुलाखत असते आणि अंतिम यादी लावताना लेखीला ८० व मुलाखतीला २० असे वजन देतात. खाजगी खत-बियाणे कंपन्या, ठिबकवाले, साखर कारखाने, दूध संघ येथे बहुधा मुलाखतीवरच निवड होते. तेव्हा पोराला पहिला प्रश्न हा विचारावा : "तुला जी जागा पाहिजे, ती परीक्षेनं भरतात की मुलाखतीनं?" पुष्कळ मुलांना हे शेवटच्या वर्षापर्यंत ठाऊक नसते. मग परीक्षेच्या जागेसाठी ओळखी शोधण्यात आणि मुलाखतीच्या जागेसाठी गाइडे पाठ करण्यात वर्ष जाते.

जागा ओळखा, तिचा कागद ओळखा

आपल्या डोळ्यांसमोरचा कारखानाच उदाहरणाला घेऊ. बाहेरून पाहता तो एकच कारखाना दिसतो, पण आत निरनिराळे धंदे आहेत आणि प्रत्येकाचा कागद वेगळा आहे.

शेती विभागात कृषी पदविका किंवा पदवी लागते. मिल, टर्बाइन, वर्कशॉप येथे आय.टी.आय.चे फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन लागतात, त्यांच्यावर पदविका व पदवी घेतलेले अभियंते. बॉयलरवर काम करणाऱ्यास शासनाची बॉयलर अटेंडंटची परीक्षा पास व्हावी लागते आणि त्या परीक्षेला बसण्यासाठी बॉयलरवर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. उत्पादन विभागात, म्हणजे रस, पाक, साखर आणि प्रयोगशाळा येथे, रसायनशास्त्र शिकलेली मुले लागतात. त्यांच्यासाठी पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर व मद्यार्क तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम चालतात. ही संस्था १९७५ साली साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनीच उभी केली, म्हणजे ती आपलीच आहे. केंद्र सरकारची तशीच संस्था कानपूरला आहे, ती १९३६ पासूनची. आसवनी आणि सहवीजनिर्मिती आल्यापासून ह्या शिक्षणाला अधिक वाव झाला आहे. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून घ्याव्यात.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की बी.एस्सी. होऊन घरी बसलेले पोर "काहीही करीन" म्हणते, तेव्हा त्याच्यासाठी कोणतीच जागा नसते. तेच पोर दुसऱ्या वर्षाला असताना "मला लॅब केमिस्ट व्हायचंय, त्यासाठी काय लागतं?" असे विचारते, तेव्हा त्याच्या हातात दोन वर्षे असतात.

शिकत असताना करावयाची कामे

पहिल्या वर्षी एकच काम करावे. ज्या धंद्यात जायचे, त्या धंद्यातल्या दोन-तीन माणसांना भेटावे आणि त्यांचा दिवस कसा जातो ते विचारावे. शेती विभागातला माणूस हंगामात रात्री फडावर असतो, सभासदांची बोलणी खातो, पावसात शेतकीची नोंद घेतो. हे पोराला झेपणार आहे का, ते त्याने आधीच पाहावे. त्याच वर्षी संगणकाचे काम हाताखालून घालावे. पाने टाइप करणे आणि तक्त्यात हिशेब मांडणे एवढे तरी आलेच पाहिजे, कारण आज उसाची नोंदही मोबाइलवर आणि संगणकावरच होते.

दुसऱ्या वर्षी सुटीचा उपयोग करावा. आय.टी.आय. आणि पदविकेच्या मुलांसाठी शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. त्याच्या २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे आवश्यक आहे. त्यांना विद्यावेतन मिळते आणि मुदत संपल्यावर प्रमाणपत्रही मिळते. ह्यासाठी शासनाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावे लागते. मागून मिळणारी ही मेहेरबानी नाही, कायद्याने ठेवलेली वाट आहे. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हा बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, आय.टी.आय. किंवा पदविका झालेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते. अशा योजना येतात, बदलतात, मुदती संपतात. म्हणून महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार केंद्रात चौकशी करण्याची सवय मुलांना लावावी. जुन्या सभासदांनी ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणून ओळखले, तेच हे कार्यालय.

कृषी पदवीच्या मुलांना शेवटच्या वर्षी गावात राहून ग्रामीण कार्यानुभव घ्यावा लागतो. 'कृषीदूत' आणि 'कृषीकन्या' म्हणून ही मुले आपल्याकडे येतात. कित्येकजण बीजप्रक्रियेचे एक प्रात्यक्षिक करतात, फोटो काढतात आणि जातात. असे करू नये. पन्नास शेतकऱ्यांशी बोलावे, कोणाचा उतारा किती आणि का, ह्याची वही करावी. मुलाखतीत ती वही टेबलावर ठेवली, तर समोरचा माणूस गुणपत्रिका बाजूला सारून आधी वही उघडतो. मुलाखत देताना आणि घेताना, टेबलाच्या दोन्ही बाजूंना आम्ही बसलो आहोत, त्यावरून हे सांगतो.

शेवटच्या वर्षी अर्ज सुरू करावेत. निकालाची वाट पाहू नये. 'शेवटच्या वर्षात शिकत आहे' असे लिहून पुष्कळ ठिकाणी अर्ज करता येतो. कॉलेजात कंपन्या मुलाखतींना येतात, त्या निकालाच्या आधीच येतात.

घरचे काम हाच अनुभव

मुलांचे एक म्हणणे असते, की अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. शहरातल्या मुलाने हे म्हटले तर समजू शकते. ज्या पोराने पहाटे वीज आल्यावर मोटर चालू केली, ठिबकाचे फिल्टर धुतले, तोडणीच्या वेळी टोळीच्या मुकादमाशी बोलून खेपांचा हिशेब ठेवला, त्याने तसे का म्हणावे? फक्त हे काम 'अनुभव' आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून पालकांना आमची विनंती अशी, की घरच्या उसाचे पुस्तक शिकणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावे. लागणीची तारीख, जात, बेणे कोठून आणले, खत केव्हा व किती, पाण्याच्या पाळ्या, मजुरी, वजनाच्या पावत्या, बिल आणि कपाती ह्या साऱ्यांची नोंद त्यांनी ठेवावी. दोन वर्षांत दोन कामे होतील. घरचा हिशेब पहिल्यांदाच नीट दिसेल आणि पोराजवळ बोलायला खरे आकडे येतील.

बायोडाटा लिहितानाही हाच नियम. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत 'छंद : वाचन, क्रिकेट, संगीत' हे इतके सारखे असते, की वाटावे सगळे एकाच झेरॉक्सवाल्याने लिहिले. त्याऐवजी असे लिहावे : 'घरच्या दीड एकर उसाच्या खत, पाणी व खर्चाच्या नोंदी दोन वर्षे ठेवल्या. ठिबक संचाची देखभाल स्वतः करतो.' खोटे एक अक्षरही लिहू नये. लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो आणि खोटे दोन प्रश्नांच्या पुढे टिकत नाही. बायोडाटा एक पान, फार तर दोन. मोबाइल नंबर चालू असलेला द्यावा आणि तो दर सहा महिन्यांनी बदलू नये. ई-मेल स्वतःच्या नावाचा असावा. 'किंग', 'डॅशिंग' अशी नावे मित्रांत ठीक, अर्जावर नकोत.

मुलाखतीत काय विचारतात

शेती विभागाच्या मुलाखतीत विचारतात तसे तीन हिशेब येथे देतो. आज संध्याकाळी जेवताना मुलांना घालून पाहावेत.

पहिला. चार फुटांची सरी आणि दोन फुटांवर रोप, तर एकरी रोपे किती? एकराचे चौरस फूट ४३,५६०. एका रोपाला आठ चौरस फूट. म्हणजे ५,४४५ रोपे. नांग्या भरण्यासाठी दहा टक्के जादा धरली तर सुमारे सहा हजार.

दुसरा. सुरू उसाला हेक्टरी नत्र २५०, स्फुरद ११५ व पालाश ११५ किलो अशी शिफारस आहे. मग एकरी युरिया किती पोती? नत्र एकरी साधारण १०० किलो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे युरिया सुमारे २१७ किलो. पोते आता ४५ किलोचे, तेव्हा पाच पोत्यांना थोडे कमी. येथे मुले चटकन म्हणतात, "आमच्यात पाच पोती टाकतात." उत्तर जवळपास बरोबर येते, पण का, ते सांगता येत नाही. पुढचा प्रश्न असतो, एकदम का टाकू नये? लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के असे चार हप्ते ज्याला सांगता येतात, त्याच्याकडे समितीचे सगळे सदस्य मान वर करून पाहतात.

तिसरा हिशेब आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली आणि त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ दिली. उतारा ११.२५ टक्के असेल तर टनाला किती? वाढ एक टक्क्याची, म्हणजे दहा वेळा ३.४६, म्हणजे ३४.६०. एकूण क्विंटलला ३८९.६०, टनाला ३,८९६ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन हाती रक्कम येते. पंधरा वर्षे ज्या पैशावर घर चालले, तो कसा ठरतो हे उसाच्या घरातल्या पोराला सांगता आले नाही, तर मुलाखत घेणाऱ्याला काय वाटत असेल?

ह्याखेरीज उसाच्या जातींविषयी विचारतात. को ८६०३२ आणि फुले २६५ ह्यांत फरक काय, कोणती कोणत्या जमिनीला, असे. पाठ केलेल्या उत्तरापेक्षा "आमच्या चोपण रानात ही बरी आली, वरच्या मुरमाड रानात ती" असे स्वतः पाहिलेले सांगितले तर ते अधिक वजनाचे ठरते.

"शेती सोडून नोकरी का?"

हा प्रश्न हमखास येतो आणि बहुतेकांचे उत्तर येथेच घसरते. "शेतीत आता काही राहिलं नाही, सर." ज्या माणसाला उद्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन उत्पादन वाढवायला सांगायचे आहे, तो असे म्हणत असेल तर त्याला का घ्यावे? खरे तेच सांगावे, पण नीट सांगावे. "घरी दीड एकर आहे, वडील आणि भाऊ ती पाहतात. त्या दीड एकरात जे शिकलो ते इतरांच्या शेतावर उपयोगी पडावं आणि घरालाही हातभार लागावा, म्हणून मी आलो." ह्यात लाजण्यासारखे काही नाही आणि खोटेही काही नाही.

"स्वतःबद्दल सांगा" ह्या प्रश्नाला वडिलांचे नाव, भावंडे, आणि पुढे शांतता, असे होते. दोन मिनिटांचे बोलणे आधी तयार ठेवावे : नाव, गाव, शिक्षण, शिकताना केलेले एक काम, त्यातून कळलेली एक गोष्ट आणि ही जागा का हवी. एखाद्या मुलीने असे सांगावे : "मी कृषी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरच्या उसाची वही मी दोन वर्षं लिहिते. पहिल्या वर्षी खताचा खर्च जास्त आणि टनेज कमी आलं, म्हणून माती तपासून घेतली आणि त्याप्रमाणे खत बदललं. मला शेतकऱ्यांना असे हिशेब ठेवायला शिकवायला आवडेल." एवढे पुरे.

जे येत नाही ते "माहीत नाही, सर, पाहून घेईन" असे सरळ सांगावे. अंदाजाने ठोकून दिलेले उत्तर समोरच्याला लगेच कळते. कपडे धुतलेले, इस्त्रीचे असावेत, नवेच पाहिजेत असे नाही. वेळेच्या अर्धा तास आधी पोचावे. आमच्याकडील एस.टी.चा भरवसा धरून पोचू नये, एक गाडी आधीची धरावी. मोबाइल बंद करून आत जावे.

इंग्रजीविषयी दोन शब्द. खाजगी कंपन्यांत एखाददुसरा प्रश्न इंग्रजीत विचारतात. पोरे तेथे गप्प होतात, आणि येत असलेलेही राहून जाते. वर सांगितलेले दोन मिनिटांचे बोलणे इंग्रजीतही लिहून शिक्षकांकडून तपासून घ्यावे आणि मोठ्याने म्हणावे. आपल्या धंद्यातले शे-दीडशे शब्द दोन्ही भाषांत यायला हवेत. पुढचे अडले तर "मराठीत सांगू का?" असे विचारण्यात कमीपणा नाही.

कागदांची पिशवी

येथे पालकांनी स्वतः लक्ष घालावे. निवड होऊनही कागदासाठी जागा जाते, हे फार वाईट.

दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव, आधारवरचे नाव आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे नाव अक्षरन् अक्षर जुळते का, ते आजच पाहावे. कोठे 'राव' आहे, कोठे नाही, कोठे जन्मतारीख एका दिवसाने पुढे-मागे. हे दुरुस्त करायला वेळ लागतो आणि जाहिरातीची मुदत कोणासाठी थांबत नाही. जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला ज्याला लागू असेल त्याने शिकत असतानाच काढावेत. नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत असते, ती संपली नाही ना हे अर्ज भरण्याआधी पाहावे. सर्व कागदांच्या तीन प्रती, एक फाइल, आणि मोबाइलमध्ये स्पष्ट फोटो. मूळ कागद कोणाच्याही ताब्यात ठेवून येऊ नयेत.

पैसे देऊन नोकरी नको

आता जे सांगतो ते नीट ऐकावे. "अमुक खात्यात जागा आहेत, वरपर्यंत ओळख आहे, इतके लाख भरा" असे म्हणणारी माणसे गावोगाव फिरतात. त्यांच्याकडे शिक्के असतात, मोबाइलवर नेमणुकीचे पत्रही येते. आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत, की ज्यांनी ह्यासाठी अर्धा एकर रान गहाण टाकले. नोकरी आली नाही आणि रानही गेले. पोलिसात जावे तर पैसे कशासाठी दिले, हे सांगायची चोरी.

परीक्षेची फी जाहिरातीत छापलेली असते आणि ती तेथे सांगितलेल्या मार्गानेच भरावयाची असते. त्यापलीकडे कोणी एक रुपया मागितला की तेथेच उठावे. जितके पैसे तो मागतो, त्याच्या थोड्याशा भागात पोराचे पूर्ण वर्षाचे शिक्षण, पुस्तके आणि मुलाखतींना जाण्या-येण्याचे भाडे निघते. जमीन एकदा गेली की परत येत नाही, आणि नोकरी न लागलेल्या पोराला शेवटी त्याच दीड एकराचा आधार असतो.

घराने काय करावे

हे सारे मुलांनी करावयाचे, मग पालकांचे काम काय? थोडेच, पण महत्त्वाचे.

एक तर "किती टक्के पडले?" ह्या प्रश्नाबरोबर "ह्या महिन्यात काय नवीन शिकलास, कोणाला भेटलास?" हाही विचारावा. दुसरे, महिन्यातून एकदा घरीच मुलाखत घ्यावी. गावात निवृत्त गुरुजी असतात, बँकेतून किंवा सैन्यातून आलेला कोणी असतो, सोसायटीचे सचिव असतात. त्यांच्यापैकी दोघांना चहाला बोलवावे, खुर्च्या मांडाव्यात आणि पोराला समोर बसवावे. पहिल्या वेळी ते हसेल, अडखळेल. चौथ्या वेळी नीट बोलेल. पहिले अडखळणे घरच्या ओट्यावर झालेले केव्हाही चांगले.

तिसरे, मुलींविषयी. वर्गात पुढे असलेली मुलगी निकालानंतर घरी बसते, कारण मुलाखत पुण्याला नाहीतर कोल्हापूरला असते आणि बरोबर जायला कोणी नसते. एक दिवसाचा खाडा करून वडिलांनी किंवा भावाने जावे. पाण्याची पाळी चुकेल म्हणून आपण मुलीचा दिवस चुकवतो. पाळी पुढच्या आठवड्यात पुन्हा येते, मुलाखत येत नाही.

चौथे, पहिल्या नकाराने घर हादरू नये. पाच-दहा ठिकाणी नकार आल्यावर एके ठिकाणी होकार येतो, हे सर्वसाधारण आहे. प्रत्येक मुलाखतीहून आल्यावर कोणते प्रश्न आले, कोणते अडले, हे त्याच रात्री वहीत लिहावे. पुढच्या वेळी निदान तेच प्रश्न अडणार नाहीत. "शेजारच्याचं लागलं, तुझं का नाही?" असे म्हणण्याने कोणाचेही अद्याप लागलेले नाही.

शेवटी एक गोष्ट. ही तयारी करूनही एखाद्याला नोकरी लागणार नाही, किंवा तो विचारपूर्वक शेतीतच राहील. त्याचे हे शिकणे वाया जात नाही. ज्याला रोपांचा, खताचा आणि बिलाचा हिशेब येतो, चारजणांसमोर बोलता येते आणि कागद जागच्या जागी ठेवता येतो, तो आपल्या दीड एकरातही इतरांच्या पुढे राहतो. उद्या वार्षिक सभेत उठून ताळेबंदावर नेमका प्रश्न विचारणारा सभासदही तोच असेल, आणि कारखान्याला त्याची गरज आहे.

गाळप बंद असते त्या महिन्यांत आमचे गट ऑफिसातले काम थोडे हलके असते. ज्यांची मुले-मुली शिकत आहेत, त्यांनी निकालानंतरची पिशवी घेऊन नव्हे, तर पहिल्या-दुसऱ्या वर्षातले पोर बरोबर घेऊन यावे. नोकरी देणे आमच्या हाती नाही. पण समोर बसवून चार प्रश्न विचारणे आणि कोठे कमी पडते ते सांगणे, एवढे आम्ही आनंदाने करू.